राबणारा मुडदा आणि खाणारा मुडदा

१० सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे दोन उमेदवार टेलिव्हिजनवर समोरासमोर आले. त्या वादसभेत डॉनल्ड ट्रंप यांनी सांगितले की, ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावी बाहेरून आलेले लोक रहिवाशांची कुत्री व मांजरे खात आहेत. बाहेरून आलेले म्हणजे हैतीचे लोक. अशी एकही विश्वसनीय तक्रार आमच्याकडे आलेली नाही, असे गावच्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले. तथापि पुढील काही दिवसांत गावातील शाळा, इस्पितळे व सरकारी कचेऱ्या यांना बाँबच्या तीसहून अधिक धमक्या आल्या. सर्व खोट्या निघाल्या, पण शाळांवर पोलिस उभे करावे लागले. राज्याचे गव्हर्नर माइक डीवाइन हे ट्रंप यांच्याच पक्षाचे. त्यांनीसुद्धा उघडपणे सांगितले की, हे लोक येथे कामासाठी आले आहेत आणि गावातील कारखानदारांना ते हवे आहेत. मोटारींचे सुटे भाग बनविणे, गोदामांत माल उचलणे, ही त्यांची कामे.

वाचक बंधुभगिनींनो, अफवेला आपण हसू नये. १९९४ साली 'होलांडा' चक्रीवादळानंतर वीज नव्हती तेव्हा 'तूनी मिन्वी' नावाच्या लूगारूने आपल्या बेटाला किती रात्री जागविले, हे त्या दिवसांतील लोकांना सांगावे लागत नाही. मी तेव्हा शाळेत जात होते. परंतु आपला लूगारू आला तसा गेला. स्प्रिंगफील्डची अफवा तशी नाही, तिच्या मागे शंभर वर्षांची वाट आहे. कारखान्यात राबणारा मनुष्य लोकांच्या मनात खाणारा प्राणी कसा होतो, हे समजून घ्यावयाचे असेल तर १९३२ सालचा एक स्वस्तात काढलेला भुताचा चित्रपट पाहावा, असे मला वाटते. नाव 'व्हाइट झॉम्बी', म्हणजे गोरी झॉम्बी. (आपल्या मराठीतील झोंबी म्हणजे अंगाला भिडून केलेली झुंज. तिचा या झॉम्बीशी काही संबंध नाही. हा झॉम्बी कोणाशीही झुंजत नाही, आणि तीच तर त्याची कथा आहे.)

चित्रपट व्हिक्टर आणि एडवर्ड हॅल्परिन या दोन भावांनी काढला. त्यांच्यामागे कोणतीही मोठी कंपनी नव्हती. खर्च अंदाजे ५० हजार डॉलर. आदल्याच वर्षी युनिव्हर्सल कंपनीने 'ड्रॅक्युला'वर तीन लाखांहून अधिक डॉलर घातले होते, यावरून तुलना करता येईल. हॅल्परिन बंधूंनी त्याच युनिव्हर्सलच्या आवारातील जुने, वापरून झालेले देखावे भाड्याने घेतले, बहुतेक चित्रण रात्री केले आणि अकरा दिवसांत काम उरकले. 'ड्रॅक्युला'तील नट बेला लुगोसी हाच येथेही खलनायक. गोष्ट हैतीत घडते, पण हैतीला कोणी गेले नव्हते. पडद्यावरील हैती म्हणजे रंगविलेला डोंगर आणि दुसऱ्याच चित्रपटांतील उसने जिने. टीकाकारांनी चित्रपटाला झोडपले, लोकांनी मात्र पैसे दिले. झॉम्बीचा पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट म्हणून त्याची नोंद आहे.

कथानक थोडक्यात सांगते. नील आणि मॅडेलिन हे गोरे जोडपे लग्नासाठी हैतीत येते. बोमाँ नावाच्या श्रीमंत मळेवाल्याचे मन मॅडेलिनवर जाते. तो लेजांद्र नावाच्या साखर कारखानदाराकडे जाऊन मदत मागतो. लेजांद्रपाशी एक भुकटी आहे. ती दिली की मनुष्य मरतो, पुरला जातो, आणि मग उठून मालकाच्या इच्छेप्रमाणे वागू लागतो. मॅडेलिनचे तसे होते. शेवटी लेजांद्र मरतो व ती शुद्धीवर येते. गोष्ट अशी बेताचीच आहे, आणि नील व मॅडेलिन यांचा अभिनय तर त्याहूनही बेताचा आहे.

परंतु बोमाँ लेजांद्रला भेटावयास जातो तो प्रसंग पाहावा. भेट कारखान्यात होते. उंच छप्पर, अंधार, मध्ये उसाचा प्रचंड घाणा. त्याचा दांडा माणसे फिरवीत आहेत. वरच्या फळीवरून डोक्यावर उसाच्या टोपल्या घेतलेली माणसे एकामागून एक येतात, टोपली रिकामी करतात आणि पुढे चालू लागतात. कोणी बोलत नाही, कोणी कपाळाचा घाम पुसत नाही. एकाचा तोल जातो आणि तो घाण्यात पडतो. कोणी थांबत नाही, मान वळवीत नाही, घाणा तसाच करकरत फिरत राहतो. संगीत नाही, फक्त लाकडाचा तो आवाज. त्यानंतर लेजांद्र आपल्या पाहुण्याला समजावून सांगतो की माझी माणसे इमानाने काम करतात, जास्त तास झाले म्हणून कुरकुरत नाहीत, आणि तुमच्या मळ्यावरही अशी माणसे उपयोगी पडतील. तो हे एखाद्या दलालासारखे, सौद्याच्या भाषेत सांगतो.

ज्यांचे पणजोबा कोठीवर ऊस तोडीत होते त्यांना हा प्रसंग भयपटातील वाटणार नाही. तो हजेरीपत्रकातील वाटेल.

हॅल्परिन बंधूंना ही कल्पना सुचली कोठून? १९२९ साली विल्यम सीब्रुक या अमेरिकन प्रवाशाचे हैतीविषयीचे 'द मॅजिक आयलंड' हे पुस्तक निघाले आणि झॉम्बी हा शब्द सामान्य अमेरिकन वाचकाच्या तोंडी झाला. १९३२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'झॉम्बी' नावाचे नाटकही येऊन गेले. सीब्रुक हा भडक लिहिणारा मनुष्य होता, आणि त्याचे प्रत्येक वाक्य खरे मानण्याचे कारण नाही. तथापि पोलिनिस नावाच्या हैतीच्या शेतकऱ्याकडून ऐकलेली म्हणून त्याने जी गोष्ट दिली आहे, ती गावातील माणसाच्या तोंडची वाटते.

गोष्ट १९१८ सालची. त्या वर्षी ऊस भरपूर आला होता. हैतीयन-अमेरिकन शुगर कंपनी, जिला सारे लोक हॅस्को म्हणत, तिने नवे मजूर आणणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. एका सकाळी ति जोसेफ नावाचा म्हातारा (आपल्या क्रेओलमधीलच हा 'ति') फाटक्या कपड्यांतील नऊ माणसे घेऊन कंपनीच्या दारात उभा राहिला. ती माणसे नाव विचारले तरी बोलेनात. हे दूर डोंगरातले अडाणी लोक आहेत, यांना इकडची बोली कळत नाही, असे त्याने सांगितले व नावे नोंदविली. ते दिवसभर उसात राबत. पगार शनिवारी ति जोसेफ घेई. कंपनीला काय, काम झाल्याशी कारण. संध्याकाळी जोसेफची बायको त्यांना अळणी पेज घाली, कारण झॉम्बीच्या तोंडात मीठ पडता कामा नये, एवढाच नियम होता. एके दिवशी तिला त्यांची दया आली व ती त्यांना जत्रेला घेऊन गेली. तेथे तिने त्यांना तांबूस साखरेत घातलेल्या शेंगदाण्यांची वडी दिली. शेंगदाण्याला तिकडेही आपल्यासारखेच पिस्ताश म्हणतात. तिला ठाऊक नव्हते की ते दाणे आधी मिठात घोळलेले होते. वडी खाताच त्या माणसांना आपण मेलो आहोत हे उमगले. ती उठली आणि आपल्या गावाकडे चालू लागली. गावात त्यांच्या घरच्यांनी त्यांना ओळखले, हाका मारल्या, परंतु ती थेट स्मशानात गेली आणि आपापल्या थडग्याची माती उकरू लागली.

मराठी माणसाला या गोष्टीत थबकावयास लावते ते मीठ. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, म्हणजे मालकाशी इमान राखतो. त्या गोष्टीतील माणूस मीठ खाऊन जागा होतो आणि मालकाला सोडून जातो. आपल्या आजीच्या गोष्टीतही एक राबणारे भूत आहे. ते म्हणते, काम दे, नाहीतर तुला खातो. शहाणा माणूस त्याला अंगणात बांबू रोवून देतो आणि चढ-उतर करावयास सांगतो. तेथे भुताला निदान मागणी तरी आहे, आणि धनी त्याला भितो. हैतीच्या झॉम्बीला कसलीच मागणी नाही, आणि त्याला कोणी भीत नाही. हे नीट लक्षात घेतले पाहिजे. हैतीच्या मनुष्याला झॉम्बी अंगावर येईल ही भीती वाटत नाही, आपण झॉम्बी होऊ ही वाटते.

ही भीती वाऱ्यावर उगवलेली नाही. फ्रेंचांच्या ताब्यातील सॅं-दोमेंग, म्हणजे आजची हैती, ही अठराव्या शतकात जगातील सर्वांत श्रीमंत साखर-वसाहत होती. १७८९ च्या सुमारास तेथे सुमारे पाच लाख गुलाम होते. जन्मांपेक्षा मृत्यू अधिक, म्हणून दरवर्षी आफ्रिकेतून नवे आणावे लागत. मेल्यावर आपण आफ्रिकेस, पूर्वजांच्या देशी परत जाऊ, हा गुलामांचा एकमेव दिलासा. कित्येकांनी त्याच आशेने जीव दिला. आपल्या ल मोर्नच्या कड्याची कथा ज्यांना माहीत आहे त्यांना हे उलगडून सांगावयास नको. मेल्यानंतरही सुटका नाही, मेलेल्या देहालाही उसात जुंपले जाईल, ही त्या दिलाशावरची सर्वांत क्रूर कुऱ्हाड. आणि त्या भीतीलाच अभ्यासक झॉम्बीचे मूळ मानतात.

१७९१ च्या ऑगस्टमध्ये त्या गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाली. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँकची मागणी केली. कशाबद्दल? मळेवाल्यांची मालमत्ता गेली त्याबद्दल, आणि त्या मालमत्तेत माणसेही धरली होती. पुढे १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली गेली, परंतु त्यासाठी काढलेल्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकापर्यंत चालले. आपल्याकडे १८३५ साली गुलामगिरी उठली तेव्हाही इंग्रज सरकारने २० लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली ती मालकांना, गुलामांना नव्हे. हिशेब ठेवण्याची पद्धत दोन्ही बेटांवर एकच होती.

आता १९१८ या सालाकडे परत येऊ. ति जोसेफची गोष्ट त्याच वर्षाची का? १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले. १९१५ च्या जुलैमध्ये सैन्य उतरले आणि १९३४ च्या ऑगस्टपर्यंत राहिले. त्यांनी एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन वेठबिगारी सुरू केली. शेतकऱ्यांना धरून, दोरीला बांधून रस्ते करावयास नेत. पळणाऱ्यावर गोळी चाले. १९१८ मध्येच नवी राज्यघटना आली आणि परदेशी माणसाला जमीन घेण्याची मुभा मिळाली. शार्लमान्य पेराल्त याने उठाव केला, त्याला १९१९ साली ठार मारण्यात आले. म्हणजे ज्या वर्षी दोरीला बांधलेली, मान खाली घातलेली माणसे रस्त्यारस्त्यांवर दिसत होती, त्याच वर्षीची ही नऊ मुक्या मजुरांची गोष्ट आहे. शिक्षिका म्हणून मी एवढेच म्हणेन की लोककथा इतिहासाच्या पुस्तकाइतकी नेमकी नसते, पण ती साल चुकत नाही.

चित्रपट निघाला तेव्हा अमेरिकन सैन्य हैतीतच होते. चित्रपटात एकही सैनिक दिसत नाही.

येथे हॅल्परिन बंधूंना किती श्रेय द्यावे, हा प्रश्न आहे. माझ्या मते एका प्रसंगापुरते. त्यांनी झॉम्बींचा मालक गोरा, युरोपीय आणि कारखानदार दाखविला, हे खरे. आणि मोठ्या कंपनीने कदाचित हे इतके उघडे राहू दिले नसते. परंतु चित्रपटाचे नावच पाहा. नुसता झॉम्बी ही भीतीची गोष्ट नाही, गोरी झॉम्बी ही आहे. काळी माणसे घाण्याला जुंपलेली असतात तोवर तो देखावा असतो, एका गोऱ्या मुलीचे तसे झाले की तो अनर्थ होतो. मॅडेलिन शेवटी जागी होते. लेजांद्रचे अंगरक्षक झॉम्बी कड्यावरून खाली पडतात. कारखान्यातील माणसांचे काय झाले? ती शुद्धीवर आली का, घरी गेली का? चित्रपट त्या कारखान्यात पुन्हा पाऊल टाकीत नाही. चित्रपटातील काही काळ्या माणसांची भूमिका तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी केली होती, हेही सांगून ठेवते.

पुढची उडी १९६८ ची. पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरो याने काही मित्रांना घेऊन, सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. हाही स्वतंत्र, हाही स्वस्त, कृष्णधवल. रक्त म्हणून चॉकलेटचे पातळ सरबत वापरले होते. यात मुडदे उठतात आणि जिवंत माणसांना खातात. त्यात झॉम्बी हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. तो नंतर लोकांनीच चिकटविला. ऊस गेला, घाणा गेला, मालक गेला, हैतीही गेली. उरला तो हपापलेला जमाव. वितरकाने चित्रपटाचे नाव बदलताना स्वामित्वहक्काची ओळ गाळली आणि त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे तो सर्वांचा झाला. कोणीही दाखवावा, कोणीही नक्कल करावी. त्यामुळे खाणारा मुडदा जगभर पोहोचला आणि राबणारा मुडदा मागे पडला. आज शाळेतील कोणत्याही मुलास विचारा, झॉम्बी काय करतो? चावतो, असेच उत्तर येईल.

रोमेरोवर मात्र मी दोष ठेवीत नाही. त्याचा नायक ड्वेन जोन्स हा काळा नट होता, आणि चित्रपटाचा शेवट विसरता येत नाही. रात्रभर मुडद्यांशी लढून जिवंत राहिलेला हा एकटा मनुष्य सकाळी खिडकीशी येतो, आणि बंदुका घेऊन आलेले गावकरी त्याला मुडदा समजून, काहीही न विचारता, गोळी घालतात. नंतर त्याचे प्रेत आकड्यांनी ओढून इतर मुडद्यांबरोबर जाळतात. जोन्स सर्वांत चांगला नट म्हणून त्याला घेतले, त्याच्या वर्णामुळे नव्हे, असे रोमेरो सांगत असे. ते खरे असेल. पण कोणाकडे पाहून मुडदा समजण्याची घाई होते, हे त्या खिडकीत दिसले ते दिसलेच.

आता पुन्हा हैती. २०२४ च्या मार्चमध्ये पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये सशस्त्र टोळ्यांनी तुरुंग फोडले, विमानतळ बंद पडला आणि परदेशी गेलेले पंतप्रधान आरियेल आँरी यांना परत येता येईना. पुढे त्यांनी राजीनामा दिला. त्याच दिवसांत हैतीचे गुंड माणसे खातात, असे पुरावा नसलेले संदेश लक्षावधी लोकांनी एकमेकांना पाठविले. सहा महिन्यांनी स्प्रिंगफील्डची कुत्री-मांजरे आली. हैतीतील संकट खोटे नाही, हे मी आवर्जून सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणे २०२४ या एका वर्षात टोळ्यांच्या हिंसाचारात ५,६०० हून अधिक माणसे मेली, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत १३ लाख लोक घर सोडून आश्रयाला गेले होते. केन्याच्या नेतृत्वाखाली पोलिस पथक २०२४ च्या जूनमध्ये पोहोचले. ते अपुरे पडले म्हणून २०२५ च्या सप्टेंबरात सुरक्षा परिषदेने मोठ्या दलास मंजुरी दिली. परंतु ज्या बंदुकांनी हे चालले आहे त्या हैतीत बनत नाहीत. त्यांपैकी बहुतेक अमेरिकेतून, विशेषतः फ्लोरिडातून, चोरून येतात, असा संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालाचा निष्कर्ष आहे. 'हे लोक एकमेकांना खातात' असे म्हटले की बंदुका कोणी विकल्या हे विचारावे लागत नाही, आणि १८२५ चे तर नावच नको. फ्रान्सच्या अध्यक्षांनी १७ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे त्या हुकमाला बरोबर २०० वर्षे झाल्याच्या दिवशी, दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती नेमल्याचे जाहीर केले. पैसे परत देण्याविषयी मात्र ते काही बोलले नाहीत.

गंमत म्हणावी की काय, पण या साऱ्या प्रकरणात माणसाचे मांस खाल्ल्याची स्वतः कबुली देणारा एकच गृहस्थ मला आढळतो, आणि तो म्हणजे सीब्रुक. आफ्रिकेवरील पुस्तकात त्याने तसे वर्णन केले, आणि नंतर १९४२ च्या आत्मचरित्रात खुलासा केला की ते मांस पॅरिसमधील इस्पितळातून मिळविले होते.

भाषा कशी फिरते हे पाहण्यास आपल्याला अटलांटिकपलीकडे जावयास नको. आपले पूर्वज मुंबईहून जहाजाने आले तेव्हा एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. १८६७ च्या कायद्याने जुन्या शर्तबंद मजुरांना फोटो लावलेला पास जवळ ठेवावा लागे, नसेल तर कोठडी. आज त्याच बेटावर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर, भारत येथून करारावर आलेली माणसे कपड्यांच्या गिरण्यांत, बांधकामांवर आणि पावरोटीच्या भट्ट्यांत काम करतात, वसतिगृहात दाटीने झोपतात. त्यांच्याविषयी बसस्टॉपवर काय ऐकू येते? 'आमच्या ताटातले खातात.' पहाटेचा पाव कोणी भाजला हे तेव्हा आठवत नाही.

हॅस्कोचा कारखाना १९८७ साली बंद पडला. हैतीचा ऊसतोड मजूर मात्र त्यापूर्वीच शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात जाऊ लागला होता. तेथे त्यांच्या वस्त्यांना बातेय म्हणतात. आपल्या कोठीवरील कांपचीच ती भावंडे म्हणावीत. २०१३ च्या सप्टेंबरात त्या देशाच्या घटनात्मक न्यायालयाने निर्णय दिला की कागदपत्रे नसलेल्या परदेशी आईबापांची तेथे जन्मलेली मुले नागरिक नाहीत, आणि हा निर्णय मागे १९२९ सालापर्यंत लागू केला. तीन-तीन पिढ्या तेथेच जन्मलेली माणसे एका दिवसात कोणत्याच देशाची राहिली नाहीत. २०१४ च्या कायद्याने काहींना कागद परत मिळाले, सर्वांना नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात तेथील सरकारने आठवड्याला दहा हजारांपर्यंत हैतीयन लोकांना हद्दपार करण्याचे जाहीर केले. अमेरिकेतही २०१० च्या भूकंपानंतर हैतीच्या लोकांना दिलेले तात्पुरते संरक्षण संपविण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला, तो न्यायालयात गेला. त्यात तीन लाखांहून अधिक माणसांचा प्रश्न आहे, आणि त्यांत स्प्रिंगफील्डचे कामगारही आले.

त्याच डोमिनिकन प्रजासत्ताकातील सेंट्रल रोमाना या मोठ्या साखर कंपनीचा माल २०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकन जकात खात्याने बंदरावर अडविला. सक्तीच्या मजुरीची चिन्हे आढळतात, असे कारण दिले होते: पगार अडवून ठेवणे, मजुरांना एकटे पाडणे, कामाचे व राहण्याचे हाल, मर्यादेबाहेर तास. कंपनीने आरोप नाकारले. २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने सुधारणा केल्या असे सांगून बंदी उठविण्यात आली आणि साखर पुन्हा जाऊ लागली. या बातमीला आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या. कुत्र्या-मांजरांची बातमी कित्येक दिवस पहिल्या पानावर होती.

'व्हाइट झॉम्बी'चा स्वामित्वहक्क संपलेला असल्याने तो कोठेही विनामूल्य पाहावयास मिळतो. लांबी सत्तर मिनिटांहून कमी. कारखान्याचा प्रसंग सुरुवातीच्या भागातच आहे. मुलांबरोबर पाहणार असाल तर त्यांना आधी ति जोसेफची गोष्ट सांगावी, आणि त्या प्रसंगापुरता आवाज जरा मोठा ठेवावा.